एक सूत जास्त

ओव्हाळांच्या घरात, आपण बांधलेल्या पोहण्याच्या तलावात पाणी सोडण्याआधी तळाशी बसून जेवायची रीत होती. लग्नाला, बारशाला कुणी आलं नाही तर शालन समजून घ्यायची; पण तळजेवण चुकवणाऱ्याला ती वर्षभर नावं ठेवायची. असे सव्वीस तलाव झाले होते. सोसायट्यांचे, शाळांचे, हिंजवडीच्या हॉटेलांचे, आणि एका बिल्डरच्या गच्चीवरचा तो, ज्यात पोहणाऱ्यानं हात पसरले की दोन्हीकडच्या भिंतींना लागायचे. प्रत्येकाच्या कोरड्या तळावर सतरंजी पडली, भाकऱ्यांचं फडकं सुटलं, पोटभर जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा ओव्हाळांपैकी कुणी तिथं नव्हतं.

हा सत्ताविसावा. पन्नास मीटर लांब, पंचवीस रुंद, दहा लेनचा. शहराच्या पश्चिमेला नवं क्रीडासंकुल उभं राहत होतं, त्यातला हा मुख्य तलाव. चार महिन्यांनी इथं राष्ट्रीय स्पर्धा व्हायच्या होत्या. शालनच्या नवऱ्यानं मरायच्या आधी या कामाचा पहिला अर्ज भरला होता, आणि सुदर्शननं, तिच्या मुलानं, वडिलांच्या माघारी ते काम मिळवून दाखवलं होतं. त्यामुळे रविवारी सकाळी भाकऱ्या थापताना शालनचे हात भरभर चालत होते. एकसष्टाव्या वर्षी चाळीस भाकऱ्या एका बैठकीत होत नाहीत, असं म्हणणाऱ्या कल्याणीला, तिच्या धाकट्या जावेला, तिनं नुसत्या नजरेनं गप्प केलं होतं.

खडकीहून टेम्पो निघाला तो अकरा वाजता पोचला. शालनचे सासरे, पंच्याऐंशी वर्षांचे कचरूआबा, प्लास्टिकच्या खुर्चीत बसूनच तलावात उतरले. खुर्चीला पुढून एक मिस्त्री, मागून एक.

"आबा, सांभाळून."

"माझं काय सांभाळता? मी पडलो तर लोक म्हणतील वय झालं हुतं. भाकरीचं टोपलं पडलं तर काय सांगाल?"

तळाला पाऊल टेकल्यावर शालन क्षणभर थांबली. चहूबाजूंनी निळ्या टाइल्स, पायाखाली लेनच्या काळ्या रेघा, आणि सगळीकडे सरळसोट पांढरे सांधे. ते सांधे तिचे होते. तिच्या हाताखालच्या बारा बायकांनी चार महिने गुडघ्यांवर बसून ते भरले होते. तिचा दीर ज्ञानदेव पलीकडच्या भिंतीशी उभा होता, तळहात टाइलवर टेकवून. काम संपलं की भिंतीवर असा हात ठेवायची त्याची सवय होती, जत्रेत बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. टाइल लावणारा असा मिस्त्री पुण्यात दुसरा नाही, हे शालनचं मत होतं आणि ज्ञानदेवचंही.

सतरंजी पडली. वांग्याचं भरीत, सुकट, ठेचा, मटणाचं पातेलं. फक्त ज्ञानदेवची मुलगी आम्रपाली जेवायला येईना. ती घरातली पहिली इंजिनिअर. सकाळपासून तिपाईवरचं मोजणीचं यंत्र लावून ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होती.

"आमू!" सुदर्शननं हाक मारली. कोरड्या तलावात ती तीनदा घुमली. "भरीत गार होतंय."

आम्रपाली आली. वही छातीशी धरलेली होती. "दादा, दोन मिनिटं बाजूला ये."

"इथंच सांग. सगळे आपलेच आहेत."

तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं आणि सांगितलं, "तलाव लांबीला कमी भरतोय."

"किती?"

"एक मिलिमीटर. सगळ्या लेनमध्ये, कमी-जास्त तेवढाच."

कल्याणीला हसू आलं. "अगं, एवढं तर माझ्या नखावर रोज पीठ असतं. जेवायला बस."

पण सुदर्शन हसला नाही, तेव्हा कल्याणीनं हातातली पळी खाली ठेवली.

"मला नीट सांगा," आबा म्हणाले. "एक मिलिमीटरनं काय बिघडतंय?"

आम्रपाली त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. आबांना समजावताना ती नेहमी तशीच बसायची. "आबा, शर्यतीत पोहणारा भिंतीला हात लावतो ना, तिथं पातळ पाट्या बसवतात. हात लागला की घड्याळ थांबतं. एक पाटी दहा मिलिमीटर, दोन्ही टोकांच्या मिळून वीस. त्या बसवल्यावर आत पूर्ण पन्नास मीटर उरले पाहिजेत. म्हणजे भिंत ते भिंत पन्नास मीटर आणि वर वीस मिलिमीटर. त्याच्यापेक्षा थोडं जास्त चालतं. कमी मात्र केसभरसुद्धा चालत नाही. मी वर पंचवीस धरले होते. आज एकोणीस भरतायत."

"आन कमी भरलं तर?"

"तर तो स्पर्धेचा तलाव नाही. त्यात कुणी विक्रम केला तरी धरत नाहीत. पोरांनी वर्षानुवर्षं घाम गाळायचा आणि कागदावर यायचं, तलाव आखूड होता. पुढच्या मंगळवारी, म्हणजे नऊ दिवसांनी, तपासणीचे सर येणार. त्यांनी सर्टिफिकेट दिलं नाही तर स्पर्धा दुसऱ्या शहरात जाते."

"आणि आपल्याला या कामात पुन्हा कुणी उभं करणार नाही," सुदर्शन म्हणाला. "पंचवीसचे एकोणीस कसे झाले? सहा मिलिमीटर गेले कुठं?"

"तेच कळत नाही. टाइल लावण्याआधी दोन्ही भिंतींची दोरी मी स्वतः तपासली होती. खाली सही आहे माझी."

सहा. प्रत्येक भिंतीला तीन. शालनच्या हातातली भाकरी हातातच राहिली. इंजिनिअर मिलिमीटरमध्ये बोलतात, मिस्त्री सुतात. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत, म्हणजेच तीन मिलिमीटर. दोन भिंतींना मिळून दोन सूत. ते कुठं गेले हे तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असलेलं दुसरं माणूस भिंतीशी मान खाली घालून उभं होतं.

दोन महिन्यांपूर्वीची दुपार. पत्रे तापलेले, आम्रपाली पंपाच्या खोलीत अडकलेली. टाइलमागं जो चिकट लगदा लावतात, ज्याला साइटवर सगळे नुसतं केमिकल म्हणतात, त्याची घमेली भरून तयार होती. ज्ञानदेव तिच्याजवळ येऊन म्हणाला होता, "वहिनी, आमू म्हणते सहाच मिलिमीटर जाड लावायचं. एवढी पाण्याची भिंत, आणि एवढंसं केमिकल? मन धजत नाही." आणि शालन, या घरात बेचाळीस वर्षं काढलेली शालन, हसून म्हणाली होती, "त्यात विचारायचं काय भाऊजी? आबांचं काय ते आठवा. एक सूत जास्त." टाइल कुठवर येणार ते ठरवायला ताणलेली दोन्ही भिंतींची दोरी ज्ञानदेवनं एकेक सूत आत घेतली होती. ओव्हाळांनी आजवर कुणाच्या भिंतीत कमी माल घातला नव्हता. जास्त घातल्यानं काही बिघडू शकतं, हे त्या दोघांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"पप्पा," आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "दोरी हलवली होती का?"

"हलवली. एक सूत."

"का?"

"चुकलं."

"का, विचारतेय मी."

"चुकलं म्हटलं ना," ज्ञानदेव म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

मग सुदर्शन सुटला. चार महिन्यांचं जागरण, कंत्राटदार कंपनीच्या बद्रीनाथसाहेबांचे टोमणे, वडील नसताना सगळं पेलल्याचा शीण, सगळं एकदम बाहेर आलं. "काका, चाळीस वर्षं झाली तुम्हाला या धंद्यात. ड्रॉइंगवर आकडा लिहिलेला असतो तो काय नक्षी म्हणून? अहो, पोरगी सही करून गेली आणि तिच्या पाठीमागं तुम्ही दोरी सरकवता? कुणी सांगितलं होतं हे शहाणपण करायला?"

कल्याणीनं नवऱ्याकडे पाहिलं आणि ती उठून मुलीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ज्ञानदेवला ते शब्दांहून जास्त लागलं असणार. सतरंजीवर आता दोन गट पडले होते, आणि एका गटात एकटा ज्ञानदेव होता.

शालनला वाटलं, गप्प बसलं तर निभतंय. दीर सांगणार नाही. मरेपर्यंत सांगणार नाही. तिच्या नवऱ्याच्या पश्चात या माणसानं तिला एकदाही कमीपणा येऊ दिला नव्हता, आजही देणार नव्हता. त्याच्या त्या पाठमोऱ्या मानेकडे बघता बघता तिला स्वतःचीच शरम वाटली.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"पडलेलीच आहे. भाऊजींनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, एक सूत जास्त लावा. दोरी त्यांनी हलवली, पण शब्द माझा होता. तोंड सोडायचं तर माझ्यावर सोड."

सुदर्शनचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. आईवर आवाज चढवायचा म्हणजे आबांच्या समोर, आणि तेही तळजेवणाला. त्याला ते जमेना. बोलली ती आम्रपाली.

"मोठी आई, माझ्या सहीखाली?" तिचे डोळे भरले होते. "बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी भांडले असते. इथं साइटवर मला रोज ऐकवतात, काकाच्या मुलीला इंजिनिअर केलंय म्हणून. मी म्हणायची, माझा आकडा तपासा आणि मग बोला. आता काय तपासायला देऊ त्यांना?"

शालननं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. तळाच्या काळ्या रेघेवर तिची नजर खिळली. आपण जन्मभर ज्या गोष्टीचा अभिमान धरला तीच या पोरीला नडली, हे कळायला तिला फार वेळ लागला नाही, पण गिळायला लागला.

"काका," सुदर्शन स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणजे, मी काय म्हणतो... टाइल घासून घेतली तर? मशीननं. एक मिलिमीटर तर काढायचाय. नाहीतर एक मिलिमीटर सोडून द्या म्हणून त्या सरांनासुद्धा—"

"वरची चकाकी जाईल. हात घसरायचा नाही, सोलून निघेल," ज्ञानदेव भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "आणि कुणाला दिसो न दिसो, मला दिसेल."

"मग काय करायचं तुम्ही सांगा ना!"

"थांबा," आबा म्हणाले. "सगळी बसा. सूत माझं हाय. माझं ऐका."

सगळे बसले. ज्ञानदेवही आला, पण सतरंजीच्या कडेला टेकला.

"बासष्ट साल असंल. एका साहेबी क्लबाचा तलाव हुता. मी बावीस वर्सांचा. मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, ह्यांच्या हातची भिंत पाणी धरत न्हाई. आमच्या संगट दुसरं गवंडी हुतं. त्यांचं प्लॅस्टर पडलं की म्हणायचं, सिमेंट वाईट. माझं पडलं असतं की म्हणालं असतं, जात. मग मी काय केलं? एक सूत जास्त दिलं. सगळी गेल्यावर थांबायचो आन देत बसायचो. माझी भिंत कुणी बोट घालून बघितली तरी हलू नये म्हणून. तवापासनं पोरांना तेच शिकवलं. ह्याच्या बापाला, ह्या ज्ञानूला. सुनेला पण."

आबांनी दम घेतला. कल्याणीनं पाणी पुढं केलं, ते त्यांनी हातानं बाजूला सारलं.

"आन हे जेवण. तुम्हाला वाटतं रीत हाय. दुपारच्या सुट्टीत हिरवळीवर, झाडाखाली आमाला बसू देत नव्हते. तुमची आजी, वेणूबाई, भाकरी घेऊन आली, चारी बाजूनं बघितलं, आन मला म्हणाली, चला खाली. हितं कोण उठवतंय बघू. हे तर आपणच बांधलंय."

शालनला वेणूबाईच्या तोंडून तळजेवण ठाऊक होतं, झाडाचं तेवढं ठाऊक नव्हतं. सासूनं जिवंत असेपर्यंत ते कधी सांगितलं नव्हतं. सांगताना ती फक्त भरीत कसं झालं होतं तेवढंच सांगायची.

"ते जास्तीचं सूत भिंतीसाठी नव्हतं," आबा म्हणाले. "ते लोकांच्या तोंडासाठी हुतं. लोकांची तोंडं बंद झाली का न्हाई, मला ठाव न्हाई. पण आपल्या घरातली पोरगी माप सांगती आन खाली सही करती. तिच्या सहीवर माझं सूत चढवायचं न्हाई. मापात पाप म्हंजे काय फक्त कमी देनं व्हय? ज्ञानू."

"हं, आबा."

"फोड."

ज्ञानदेव उठला. "दोनपैकी एक भिंत नव्यानं केली तरी बावीस भरतील," आम्रपाली घाईनं म्हणाली, "आणि पाण्याच्या पातळीच्या वर फूटभर नि खाली पावणेतीन फूट एवढाच पट्टा तपासतात. तेवढाच फोडला तर—"

"आणि त्याच्या खालची टाइल एक सूत पुढं राहू दे? भिंतीला ओठ काढू?" ज्ञानदेव म्हणाला. "पूर्ण भिंत निघेल. वरपासून खालपर्यंत." त्यानं छिन्नी घेतली, भिंतीवर, मधल्या लेनच्या रेघेसमोर टेकवली, आणि हातोडा उचलला. आवाज तलावभर घुमला. टाइल फुटली नाही.

दुसरा घाव. तिसरा. सातव्या घावाला कोपरा निघाला. कुणीच हसायच्या मनःस्थितीत नव्हतं, तरी ज्ञानदेव घाम पुसत म्हणाला, "केमिकल मात्र धरलंय हां चांगलं," आणि पहिल्यांदा आम्रपाली हसली. नाक पुसत हसली, पण हसली.

त्या दिवशी कुणी जेवलं नाही. चाळीस भाकऱ्या फडक्यात बांधून परत खडकीला गेल्या आणि शेजाऱ्यांना वाटल्या गेल्या.

पुढचे आठ दिवस घरात कुणाला वार कळत नव्हता. मशीन लावायची सोय नव्हती. टाइलमागं पाणी अडवणारा थर होता, त्याला जखम झाली असती तर तलाव गळला असता. त्यामुळे पन्नास चौरस मीटर भिंत हातांनीच सोलायची होती. जास्तीच्या सुतानं आपली ताकद पुरेपूर दाखवली. छिन्न्या बोथट होत होत्या, मिस्त्री शिव्या घालत होते, आणि ज्ञानदेव प्रत्येक शिवी मान डोलावून स्वीकारत होता. सुदर्शननं बद्रीनाथसाहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "वा, म्हणजे मी एवढे दिवस उगाच टाइलांचं कौतुक करत होतो," आणि सोमवारपर्यंतची मुदत देऊन गेले.

तिसऱ्या दिवशी नवी दोरी ताणल्यावर आम्रपाली शालनकडे आली. रविवारपासून ती तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिनं खिशातून एक पोलादी पट्टी काढली आणि शालनच्या हातात दिली.

"प्रत्येक रांगेला केमिकलची जाडी बघायची. सहा. साडेसहा नाही."

"मी?"

"मग कोण? पप्पा माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. ते तर आपण बघितलंच."

टोमणा होता, पण त्यात राग उरला नव्हता. शालननं पट्टी पदराच्या टोकाला बांधली आणि त्या क्षणापासून ज्ञानदेवचं जिणं हराम केलं. "भाऊजी, हे सव्वासहा आहे." "वहिनी, पाव मिलिमीटर!" "काढा." "अहो, सुकलं की बसेल ते." "बसेल तेव्हा बसेल, आत्ता काढा." शेवटी ज्ञानदेव आम्रपालीला म्हणाला, "आमू, पट्टी परत घे. तुझा जाच परवडला."

सोमवारी संध्याकाळी शेवटचे सांधे भरून झाले. शालननं स्वतःच्या हातानं भरले.

मंगळवारी बरोबर नऊ वाजता तपासणीचे सर आले. विश्वजीत सर, उंच, सडपातळ, स्वतःचं यंत्र स्वतः उचलणारे. सुदर्शननं चहाचा कप पुढं केला तर म्हणाले, "आधी तलाव, मग चहा. तलाव नापास झाला तर चहा उगाच घशाखाली उतरत नाही."

घरातले सगळे कठड्याशी उभे राहिले. आबा खुर्चीत. आम्रपाली खाली सरांबरोबर, तिची वही त्यांच्या वहीच्या शेजारी. दहा लेन, प्रत्येक लेनमध्ये तीन उंचींवर मोजणी. सर आकडा मोठ्यानं वाचत, आम्रपाली लिहून घेत होती.

"शून्य क्रमांकाची लेन. पन्नास मीटर, बावीस मिलिमीटर. बावीस. बावीस."

शालननं पदराचं टोक घट्ट धरलं. वीसच्या खाली नको, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

"पहिली. बावीस. तेवीस. बावीस."

दुसरी, तिसरी, चौथी. ज्ञानदेव प्रत्येक आकड्याला ओठ हलवत होता. सहावी झाली. सातव्या लेनला सर दोन आकडे बोलले आणि तिसऱ्याला थांबले. यंत्रात पुन्हा पाहिलं.

"एकोणीस."

सुदर्शननं डोळे मिटले. आम्रपालीनं वहीत लिहिलं नाही. ती भिंतीकडे बघत उभी राहिली.

शालनला कळायच्या आत ती जिना उतरत होती. गुडघे कुरकुरले, तिनं ऐकलं नाही. ती सातव्या लेनच्या भिंतीशी गेली, कमरेच्या वर, छातीच्या उंचीला, आणि टाइलवरून तळहात फिरवला. तिथं होतं. सांध्यातून ओघळलेला, वाळलेला पांढरा थेंब, मसुराच्या डाळीएवढा. काल संध्याकाळी उजेड कमी होता तेव्हाचा. तिच्याच हातचा.

"सर, भिंत कमी नाही. माझा सांधा ओघळलाय. काढू?"

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. जवळ येऊन तो थेंब पाहिला. "काढा. पण भिंतीला धक्का लावायचा नाही. आणि पुन्हा जे भरेल तेच लिहीन."

शालननं नख लावलं. बेचाळीस वर्षं सांधे भरून तिची नखं छिन्नीसारखी झाली होती. थेंब तुटून तळावर पडला. तिनं पदर ओला करून टाइल पुसली, ओलावा टिपला, आणि बाजूला झाली.

सर यंत्राकडे गेले. घाई त्यांच्या स्वभावात नव्हती. पाहिलं, आकडा उतरवला, पुन्हा पाहिलं.

"बावीस."

वर कठड्याशी ज्ञानदेवनं सुदर्शनचा दंड एवढ्या जोरात धरला की सुदर्शन ओरडला. आठवी, नववी. बावीस, बावीस. सरांनी यंत्र पेटीत ठेवलं, वही मिटली, आणि मगच चहा मागितला. चहा पिता पिता त्यांनी कागदावर सही केली.

"कौतुक लिहायला या फॉर्मवर जागा नाही," ते आम्रपालीला म्हणाले. "नाहीतर लिहिलं असतं. ही टोकाची भिंत कुणी लावली?"

"माझ्या वडिलांनी."

"आणि माप?"

"माझं."

"दोघांत वाद झाला नाही?"

"झाला ना," आम्रपाली म्हणाली. "आठ दिवस पुरला." मग ती धावत जिना चढली आणि तिनं पहिली मिठी वडिलांना नाही, शालनला मारली. शालन रडली. उघड, सगळ्यांसमोर, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. आपल्या घरचा तलाव पास झाला होता, आणि त्यात एका मिलिमीटरचीही कुणाची मेहेरबानी नव्हती.

बद्रीनाथसाहेबांनी त्याच दुपारी पाणी सोडलं. आधीच उशीर झाला होता. तळजेवण राहिलं ते राहिलंच. शालनच्या मनाला ते लागलं. तलाव भरायला तीन दिवस गेले. शुक्रवारी सुदर्शन म्हणाला, "आई, चल, एकदा बघून येऊ," तेव्हा तिनं पहाटे उठून पुन्हा चाळीस भाकऱ्या केल्या. कुठं बसून खायच्या याचा विचार तिनं केला नव्हता.

ते पोचले तेव्हा तलाव काठोकाठ भरला होता. निळं पाणी, तळाच्या काळ्या रेघा त्यात हलत होत्या. शालननं आजवर आपल्या तलावांचा तळच पाहिला होता. पाणी भरलेला तलाव तिनं आज पहिल्यांदा पाहिला, आणि कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली.

टोपलं डोक्यावर घेऊन कल्याणी उभी होती. "ताई, बसायचं कुठं? बाहेर टेम्पोपाशी?"

समोर प्रेक्षकांची गॅलरी होती. कोऱ्या खुर्च्या, अजून प्लास्टिकच्या आवरणातल्या. पहिली रांग पाण्याच्या अगदी समोर.

"मी ऑफिसात विचारून येतो," सुदर्शन म्हणाला.

"काय विचारतोस?" आबा काठी टेकत पुढं निघाले होते. "चला वर. हे तर आपणच बांधलंय."

ते पहिल्या रांगेत मधोमध बसले. त्यांच्या एका बाजूला ज्ञानदेव, दुसऱ्या बाजूला सुदर्शन. सुदर्शन काकांकडे न बघता म्हणाला, "काका, त्या दिवशी मी जास्तच बोललो." ज्ञानदेव पाण्याकडे बघत म्हणाला, "बोललास. भिंत मात्र पहिलीपेक्षा चांगली झाली," आणि त्यानं पुतण्याच्या गुडघ्यावर तळहात ठेवला, भिंतीवर ठेवायचा तसा.

शालन वाढायला उभी राहिली. प्रत्येकाच्या ताटात दोन भाकऱ्या, भरीत, ठेचा. ज्ञानदेवच्या ताटात दोन ठेवल्या आणि ती पुढं सरकली. पदराला अजून ती पोलादी पट्टी बांधलेली होती.

"वहिनी," ज्ञानदेवनं हाक मारली.

"काय हो भाऊजी?"

त्यानं ताट पुढं केलं. "एक जास्त वाढा. इथं चालतं."